कुलूप फोडलं होतं का, काका?

६५ हजारांचा लॅपटॉप. कापूस विकून पोरीला घेतला. दुकानदारानं वरून विमाही गळ्यात मारला, "चोरीचं टेन्शन नाही, काका!" यवतमाळला जाताना यष्टीच्या गर्दीत बॅग गेली, आणि आता विमा कंपनीवाले विचारतात, जबरदस्तीच्या खुणा कुठं? अरे बावा, चोरानं आधी मला हाणून मग नेला पाहिजे होता का? घरातून गेला असता तर म्हणे दार फोडलेलं लागतं. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, आमच्या खेड्यात दार लावून झोपतं कोण? सारं गाव अंगणात खाटेवर!

ठाण्यात गेलो तर म्हणे, "गहाळ लिहून देतो." गहाळ? लॅपटॉप आहे का शेळी, चरत चरत गेली म्हणायला! अन् 'गहाळ' लिहिलं की विमा खलास, हे त्यांनाही ठाऊक. मोबाईल असता तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, देऊन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर ब्लॉक तरी केला असता. साध्या लॅपटॉपला तो नंबरच नसतो. सिरियल नंबर होता खोक्यावर, ते खोकं बायकोनं चुलीत घातलं. आणि एवढं सगळं जुळून आलंच तर पुन्हा वापरून जुना झाला म्हणून घसारा कापणार!

काल नवा पाहायला गेलो. तोच दुकानदार, तेच दात.

"काका, विमा काढायचा ना?"