खाडीचं पाणी खाडीत

काल संध्याकाळी मालवणजवळच्या देवबागच्या धक्क्याला माझ्या होडीतून पडणाऱ्या पाण्याखाली एका गृहस्थांनी पाय धुतले. आधी स्वतःचे, मग मुलाचे, मग बायकोच्या वाळूने भरलेल्या चपला. मी वाकून बॅटरीची वायर घट्ट करत होतो. मान वर केली तेव्हा ते होडीच्या काठावर 10 रुपयांचं नाणं ठेवत होते. "छान सोय केलीय," म्हणाले. "नळ फक्त थोडा उंच हवा होता."

तो नळ नव्हता. तो माझ्या टाकीचा ओव्हरफ्लो होता आणि तो कुठल्या उंचीवर असावा यावर मी गेले कित्येक रविवार घालवले आहेत. पण हे सांगेपर्यंत ते कुटुंब भेळेच्या गाडीपाशी पोचलंही होतं.

टाकी कशासाठी, हे थोडक्यात सांगतो. कर्लीच्या खाडीत जिताडा आणि तांबोशी गळाला लावायची तर जिवंत सुंगटं लागतात, जिवंत कोळंबी. मेलेल्या सुंगटाला जिताडा सहसा भाव देत नाही. आणि मे महिन्यात सुंगटं बादलीत ठेवली की बघता बघता आडवी होतात. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. 20 अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात, आणि खारट पाण्यात त्याहूनही कमी. त्यात एक मेलं की ते बाकीच्यांचं पाणी नासवतं. म्हणून सतत ताजं पाणी हवं. म्हणून पंप, म्हणून टाकी. एवढंच.

60 लिटरचं निळं पिंप आणलं. गोल पाहूनच घेतलं, कारण चौकोनी टाकीत जीव कोपऱ्यात गोळा होतात आणि तोंडं फोडून घेतात. वरून कापून 40 लिटरचं केलं, कारण 40 लिटर पाणी म्हणजे 40 किलो, आणि माझ्या होडीत ते बरोबर मध्ये बसलं नाही तर होडी एका कुशीवर झोपते. इथवर काही अडलं नाही. मग आला प्लंबर.

टाकीतून पाइप बाहेर काढायला जो आट्यांचा तुकडा बसवतात, त्या 1 इंची टँक निपलला 1 इंचाचं भोक पुरत नाही. त्याचे आटे बाहेरून 33 मिलिमीटर भरतात, म्हणून भोक 35चं लागतं. मी कागदावर काढून दिलं. प्लंबरने कागद घडी करून कानामागे ठेवला, "एक इंच म्हणजे एक इंच" असं म्हणाला आणि 25चं पाडलं. मग ते कानशीने मोठं केलं. कानशीने मोठं केलेलं भोक कधीच गोल राहत नाही, अंड्यासारखं होतं, आणि त्यात वायसर बसत नाही. "पुट्टी लावू," तो म्हणाला. या निळ्या प्लास्टिकला काहीही चिकटत नाही. पॉलिथिलीन आहे ते. मळायची पुट्टी, दोन नळ्यांचं इपॉक्सी, पीव्हीसीचं सोल्युशन, सगळं वाळल्यावर नखाने खपलीसारखं निघतं. एक तर रबरी वायसर आणि नट, नाहीतर त्याच प्लास्टिकची पट्टी गरम करून वितळवायची. हे मी त्याला सांगितलं, हार्डवेअरवाल्याला सांगितलं. हार्डवेअरवाला हो हो म्हणत नवीन नळी काढून देत राहिला. त्याच्या गल्ल्यात माझी बरीच इपॉक्सी जमा आहे.

शेवटी जुनं भोक पट्टीने बुजवून मी दुसरं पाडलं आणि होडी धक्क्याला लावून चाचणी सुरू केली. तिथे तात्या बसले होते.

तात्या उपड्या होडीवर बसतात. ही त्यांची नेमणूक कोणी केली माहीत नाही, पण जागा पक्की आहे. हाफपँट, खांद्यावर पंचा, कानाला न पेटवलेली विडी. त्यांनी बराच वेळ काहीच विचारलं नाही. त्याचीच मला भीती वाटत होती.

"ह्यां काय ता?"

"टाकी, तात्यानू."

"टाकी ती माका दिसता. डोळे नाय गेले माझे. होडयेत कित्याक?"

"सुंगटां जिवंत ठेवूक."

"जिवंत ठेवून काय करतलंस?"

"गळाक लावतलंय."

"म्हणजे मारतलंस."

मी गप्प. तात्यांनी विडी या कानावरून त्या कानावर नेली.

"पाणी खंयचा घालतलंस?"

"खाडयेचा. ह्या बाजून पंप आत घेता, त्या बाजून भायर जाता."

"भायर म्हणजे खंय?"

"खाडयेत."

एव्हाना धक्क्यावर चार-पाच जण जमले होते. तात्यांनी त्या सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, साक्षीदार मोजावेत तसं.

"म्हणजे खाडयेचा पाणी खाडयेत घालूक तू बॅटरी घेतलंस?"

यावर लोक जे हसले, ते मी अजून विसरलेलो नाही. मी समजावायला गेलो. पंप 12 व्होल्टचा आहे, तासाला 1,900 लिटर फेकतो, तेवढा जोर लागत नाही म्हणून मध्ये कॉक बसवलाय, नाहीतर सुंगटं वॉशिंग मशीनमधल्या मोज्यांसारखी फिरतात. आत येणारं पाणी पंपाच्या जोरावर येतं, बाहेर जाणारं आपल्या आपण ओघळतं, म्हणून आतला पाइप पाऊण इंची आणि बाहेरचा एक इंची, नाहीतर टाकी भरून होडीतच सांडेल. मी बोलत होतो आणि तात्या मान हलवत होते. आजारी माणसाचं ऐकताना हलवतात तशी.

"किती पैशे गेले?"

मी निम्मा आकडा सांगितला. तरी एकाने शिट्टी मारली.

"माझो बापूस," तात्या म्हणाले, "बांबूची टोपली दोरयेन बांधून पाण्यात सोडी. सुंगटां दोन दीस जिती. बॅटरी नाय, नळ नाय, मिस्त्री नाय."

हे खरं आहे. आणि मला माहीत आहे. पण त्यांच्या वडलांची होडी वल्ह्याची होती. माझ्या होडीला इंजिन आहे. इंजिन सुरू झालं की टोपली पाण्यातून फरफटत जाते आणि आतल्या सुंगटांची चटणी होते. मी तसं सांगितलं.

"मगे हळू चल. सुंगटांका घाई नाय, माशाक घाई नाय. तुकाच कसली घाई?"

याला उत्तर आहे. संध्याकाळी पर्यटकांच्या स्पीडबोटी आणि जेटस्की खाडीच्या मुखाशी अशा घोंघावतात की हळू चालणाऱ्याच्या होडीत लाटेने पाणी शिरतं. टाकीला झाकण करावं लागलं तेही त्यामुळेच. ज्या खाडीत तात्यांचे वडील टोपली सोडून डुलक्या काढत, त्या खाडीत आज रबराच्या केळ्यावर बसलेली माणसं किंचाळत जातात. त्यांच्यासाठी धक्के, तिकिटं, लाइफ जॅकेटं, सगळं आहे. ट्रॉलरवाल्यांना बर्फ आहे, डिझेलवर परतावा आहे. छोट्या होडीत गळ घेऊन बसणाऱ्याला बाजारात 35 मिलिमीटरचं भोक पाडून देणारा माणूस मिळत नाही. पिंप बनवतात केमिकल भरायला, निपल छपरावरच्या टाकीसाठी, पंप होडीत शिरलेलं पाणी उपसायला. मी हे सगळं जोडून काही केलं तर लोक त्याखाली पाय धुतात.

पण तात्यांशी हे बोलून उपयोग नव्हता. म्हणून मी अमेरिकेवर गेलो. तिथे गोड्या पाण्यातल्या बास माशाच्या स्पर्धा असतात, होडीत अशी टाकी कारखान्यातूनच बसवून येते. 1972 साली रे स्कॉट नावाच्या स्पर्धा भरवणाऱ्या माणसाने सांगितलं, मासा मारायचा नाही, जिवंत आणायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा. मेलेला मासा आणला तर वजनातून कापतात.

तात्या पहिल्यांदाच थोडे हलले.

"पकडलेलो मासो सोडतत?"

"होय."

"मगे जेवतत काय?"

मला यावर काही सुचलं नाही. जमलेल्यांपैकी एक जण "पाव" म्हणाला.

त्या दिवसानंतर तात्या टाकीकडे पाहणार नाहीत असं मला वाटलं होतं. उलट झालं. धक्क्यावर कोणी नवीन आला की ते त्याला होडीशी आणून टाकी दाखवतात. पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे नीट समजावतात आणि शेवटचा प्रश्न त्यालाच विचारायला लावतात. बॅटरीची किंमतही सांगतात. मी सांगितलेली नाही, खरी. कुठून कळली देव जाणे.

आज सकाळी जाळं टाकून चांगली बोटभर सुंगटं धरली. भरती संध्याकाळची. टाकीत सोडली, पंप चालू केला, जाळी साफ केली आणि जेवायला घरी गेलो. परत आलो तेव्हा टाकीत दोन कुर्ल्या होत्या, म्हणजे खेकडे. एकीची बांधलेली दोरी सुटून पाण्यावर आली होती आणि तिच्या नांगीत सुंगटाच्या मिशा होत्या. बाकीची सुंगटं कुठे गेली हे विचारण्यात अर्थ नव्हता.

"तात्यानू, कुर्ल्यो तुमच्यो?"

"होय. सांजवेळेक नेतंय."

मी म्हटलं, कुर्ली ओल्या गोणपाटात दोन-तीन दिवस आरामात जगते, तिला टाकी लागत नाही, पंप लागत नाही, काहीच लागत नाही.

"ता माका म्हायत आसा," तात्या म्हणाले. "पण बॅटरी फुकट जळत होती, म्हटलं कोणाच्या तरी उपयोगाक येवंदेत." मग उठून आले, टाकीत डोकावले आणि दोरी सुटलेली कुर्ली मागून उचलून हातात तोलली.

"टाकी बरी हा रे. भरल्यासारखी लागता."