एक्सचेंज म्हणजे नवा टर्बो? कुणी सांगितलं?

'टर्बो गेला तर रिपेअरच्या भानगडीत पडू नका, एक्सचेंज करा' असा एक मेसेज महिनाभर पिकअप-टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. मेसेजच्या खाली पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले. चार गिऱ्हाइकांनी दाखवला तोवर हसून सोडून दिला. मग दाजींनी तो खरा मानला. ते नारायणगावचा टोमॅटो घेऊन माळशेज उतरून वाशीच्या मार्केटला येतात. त्यांनी तिकडेच एका दुकानात एक्सचेंजचा टर्बो बसवून घेतला आणि नवव्या दिवशी मुरबाडजवळ गाडी निळा धूर ओकत उभी राहिली. माल दुसऱ्या गाडीत भरला आणि पिकअप टोचन करून तुर्भ्याला माझ्या गॅरेजवर आणली.

आता मुद्दे.

'एक्सचेंजमध्ये कंपनीचा नवा टर्बो मिळतो.' अहो, एक्सचेंज म्हणजे आपला जुना द्यायचा, वर पैसे मोजायचे आणि दुसऱ्या कुणाचा तरी दुरुस्त केलेला जुना घ्यायचा! रिपेअरला शिव्या घालून हा मेसेज तुम्हाला रिपेअरचाच माल घ्यायला लावतो. फक्त तो कुणी आणि कसा केला, हे तुम्हाला कळत नाही. कंपनीने स्वतः दुरुस्त करून वॉरंटीसह दिलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग बिलावर तसं लिहून घ्या. आणि प्लेटवरचा नंबर जुळवा. दिसायला सारखे टर्बो आतून वेगळे असतात.

'टर्बो बदलताना बाकी काही उघडावं लागत नाही, दोन तासांत गाडी रस्त्यावर.' माझं डोकं फिरलं ते या ओळीवर. टर्बो बहुतेक वेळा स्वतःहून मरत नाही, त्याला इंजिनकडून मरण येतं. लहान टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पंख्यांचा दांडा, मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो, आणि तो बेअरिंगला न टेकता ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर काही सेकंद जरी तुटला तरी खेळ खलास.

दाजींच्या गाडीची ऑईलची बारीक लाईन मी सोडली. ती लाईन टर्बोला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, म्हणजे बँजो बोल्टच्या, भोकात जळक्या ऑईलची काळी खपली इतकी घट्ट बसली होती की आगपेटीची काडी आत जाईना. त्याच्या तोंडाशी लाल सिलिकॉनची शेवईएवढी तार. बसवणाऱ्याने गॅस्केटऐवजी सिलिकॉन फासलं होतं, ते दाबून आत आलं. शाफ्ट तापून निळा पडलेला. म्हणजे पहिला टर्बो ज्या कारणाने गेला, त्याच कारणाच्या तोंडी दुसरा दिला. तिथे कोरा करकरीत टर्बो बसवला असता तरी तोही गेलाच असता.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. गॅरेट किंवा बोर्गवॉर्नरच्या बसवण्याच्या सूचना वाचा. ऑईल आणि फिल्टर नवे, ऑईलची लाईन आणि रिटर्न पाईप साफ किंवा नवे, ऑईलच्या जोडावर सिलिकॉन नाही, सुरू करण्याआधी टर्बोत ताजं ऑईल ओतायचं. हे दोन तासांत कसं होणार? त्यात इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) उतरवून आत साचलेलं ऑईल काढायचं राहिलं तर डिझेल इंजिन तेच ऑईल पिऊन पळत सुटतं आणि किल्ली काढली तरी बंद होत नाही. पंखा तुटला असेल तर तुकडेही तिथेच शोधावे लागतात.

'शिट्टी वाजली की टर्बो गेला.' थोडी शिट्टी वाजणारच. अचानक वाढली तर आधी होज आणि त्याच्या क्लिपा बघा.

'व्हीजीटी टर्बो रिपेअर होतच नाही.' व्हीजीटी म्हणजे आत हलती पाती असलेला टर्बो. इथे मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागतं. रिपेअर होतो, पण त्या पात्यांचं सेटिंग फ्लो बेंचवर, म्हणजे हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मशीनवर, करायचं असतं, आणि बरेच जण स्क्रू अंदाजाने फिरवून गाडी हातात देतात. मग गाडीला जोर मिळत नाही किंवा चेक लाईट लागतो. अशा दुकानात देण्यापेक्षा कंपनीचा एक्सचेंज खरंच बरा. हाउसिंगला, म्हणजे टर्बोच्या बाहेरच्या कवचाला, तडा गेला असेल, पंखा घासला असेल किंवा ऐन सीझनमध्ये गाडी उद्याच हवी असेल, तरीही एक्सचेंज घ्या. पण नुसता बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) वाढलाय, पंखे शाबूत आहेत, तर आपलाच टर्बो दुरुस्त करा. दुकानात शाफ्टचा तोल तपासणारं बॅलन्सिंग मशीन आहे का ते विचारा, आणि रिपोर्टचा कागद मागा. 'कागद कशाला, आपला शब्द आहे' असं ऐकू आलं तर टर्बो उचला आणि निघा.

'जुना टर्बो भंगार, सोडून द्या.' त्या भंगारावरच एक्सचेंजचा धंदा चालतो. दाजींनी त्यांचा पहिला टर्बो, चांगल्या हाउसिंगचा, असाच काउंटरवर सोडला. बिलात त्याचे पैसे वजा झालेले मला तरी दिसले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "अरे, ते म्हणाले काही उपयोगाचा नाही."

दुसऱ्या टर्बोचं हाउसिंग शाबूत निघालं, म्हणून कोअर (शाफ्ट-बेअरिंगचा आतला भाग) बदलून तोच बसवला. लाईन, बोल्ट, ऑईल, फिल्टर सगळं नवं. पिकअप परत घाट चढतेय. तो जुना बँजो बोल्ट मी टाकला नाही, गल्ल्याजवळ ठेवलाय. मेसेज दाखवायला कुणी आलं की आधी त्यातून फुंकर मारायला सांगतो.