‘२०० मीटर’चं घड्याळ उघडायचंच नाही?

सुट्टीत मालवणला स्कूबा करायला निघालेल्या नागपूरकरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, डायव्हर घड्याळ (पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं) कंपनीतून सीलबंद येतं, एकदा उघडलं की वॉटरप्रूफपणा कायमचा गेला. चालतंय तोवर सर्व्हिसिंग नको, रोज घातलं की आतलं तेल आपोआप फिरतं. नागपुरात समुद्र नाही, त्यामुळे काळजीच नाही. आणि काचेखाली वाफ दिसलीच, तर तांदळाच्या डब्यात ठेवा.

तांदळापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे उशीर महागात पडतो. सील पाणी आत घेण्याइतकं ढिलं झालं, म्हणून ती वाफ बाहेर पडण्याइतकं ढिलं झालं असं होत नाही. डब्यात घड्याळ निवांत पडून राहतं आणि आत चावीची दांडी, स्क्रू, स्प्रिंगा गंजू लागतात. पाणी खारं असेल तर त्याच दिवशी मागचं झाकण उघडून मशीन बाहेर काढलेलं बरं.

समुद्र नाही, हे खरं. पण रबराला म्हातारं व्हायला समुद्र लागत नाही. झाकणाखालची आणि चावीतली रिंग वर्षानुवर्षं दाबाखाली चपटी होते, उष्णतेनं कडक होते, आणि उष्णतेची आपल्याकडे टंचाई नाही. डायव्हर घड्याळांच्या आयएसओ ६४२५ या मानकात एक चाचणी आहे : घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसून आत धुकं दिसतं का बघायचं. मे महिन्यात भर दुपारी बर्डीच्या बाजारातून घरी येऊन तुम्ही गार पाण्याखाली हात धरता, तेव्हा याहून वेगळं काय करता? थेंबाच्या जागी आत धुकं धरलं, तर ओल आधीच शिरलेली आहे.

‘सीलबंद’ या शब्दात अर्धं सत्य आहे. त्याच मानकानुसार २०० मीटरच्या घड्याळावर २५ टक्के जास्त, म्हणजे २५० मीटर पाण्याइतका दाब देऊन बघतात. पण तो निकाल त्या दिवसाचा, रिंग नवी असतानाचा. कंपनीही झाकण आट्यांनीच बसवते, वेल्डिंग करत नाही. घड्याळ बिघडतं ते जुनीच रिंग, सिलिकॉन ग्रीस न लावता, वाकडी बसवून झाकण आवळल्यानं. नीट काम करणारा माणूस नवी रिंग घालतो आणि मग दाबाची चाचणी घेतो. नळकांड्यात घड्याळ पाण्याच्या वर टांगून हवेचा दाब वाढवायचा, थोडं थांबून ते पाण्यात बुडवायचं, दाब हळूहळू सोडायचा. चावीपाशी किंवा झाकणापाशी बुडबुड्यांची माळ निघाली की गळती तिथेच. शहाणा माणूस ही चाचणी आतलं मशीन काढून, रिकाम्या केसवर म्हणजे घड्याळाच्या नुसत्या कवचावर घेतो.

तेल फिरतं, ही कल्पना मोटारीच्या इंजिनातून आली असावी. तिथे पंप असतो. घड्याळात चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या प्रत्येक माणकाच्या (खड्याच्या) वाटीत टिपूसभर तेल असतं, ते जागेवरच टिकायला हवं. सेइकोचं ७एस२६ मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, दिवसाला ५,१८,४००. तेल सुकलं तरी ते चालतच राहतं, घासत, आणि टेबलावर आडवं ठेवलेलं असताना वेळही बरोबर दाखवू शकतं. त्यामुळे ‘चालतंय ना?’ या प्रश्नाला अर्थ नाही. टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, बॅलन्सचा (मागेपुढे डोलणाऱ्या चाकाचा) झोका किती उरलाय ते बघावं लागतं. (झाकण उघडून वरून तेलाचा थेंब सोडणारेही भेटतात. तो थेंब जुन्या मळात कालवला जातो आणि बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, हेअरस्प्रिंगला, लागला तर घड्याळ पळत सुटतं.)

इतवारीतल्या माझ्या घड्याळजींचा हात एचएमटीवर बसलेला. माझं डायव्हर घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, मशीन एक नंबर करून देतो. पण प्रेशरचं यंत्र माझ्याकडे नाही, तेव्हा पाण्यात नेऊ नका.” मशीन त्यांच्याचकडून करून घेतलं. केस मात्र दुसरीकडे तपासून आणली, चावीपाशी बुडबुडे निघाले, आणि तिथली रिंग बदलेपर्यंत आंघोळीलाही घड्याळ खुंटीवरच राहिलं.