हायमास्टच्या उजेडात चांदण्या शोधा!

लातुरात गच्चीवर उभं राहून वर बघितलं की व्याध दिसतो, गुरू दिसतो आणि तिसरी लुकलुकणारी वस्तू मोबाईल टॉवरची निघते. संपलं आकाश! कृत्तिकांचा नुसता धुरकट ठिपका. देवयानी दीर्घिकेचं (अँड्रोमेडा गॅलेक्सीचं) तर नावच काढू नका. पंचवीस लाख प्रकाशवर्षं प्रवास करून आलेला तिचा उजेड आमच्या चौकातल्या हायमास्टपुढे हरतो.

पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे निदान बरे होते. आता पांढरेफटक एलईडी. त्यात निळा प्रकाश जास्त, आणि हवेत विखुरतोही तोच जास्त. त्यात आपल्याकडची धूळ. बरं, दिव्याला वरून झाकण घालायचं, उजेड खाली रस्त्यावर पाडायचा, एवढी साधी गोष्ट! पण नाही. अर्धा उजेड आभाळाला आणि रस्त्यातला खड्डा अंधारातच.

शेजारच्या काकांनी गच्चीवर फ्लडलाईट लावलाय, तोंड थेट आमच्याकडे. म्हटलं, "काका, तासभर बंद करता का? आज जेमिनिड्सचा उल्कावर्षाव आहे." तर म्हणाले, "चोऱ्या वाढल्यात. अन् वर काय बघलालाव एवढं?" काय सांगणार, कप्पाळ!

१३-१४ डिसेंबरची रात्र, निरभ्र आभाळ, चंद्रही नाही, अशी संधी काय रोज येते? आणि नेमकं समोरच्या मंगल कार्यालयातून आकाशात गरगर फिरणारा झोत सोडलेला. नवरदेव काय वरून उतरणार होता का?

उन्हाळ्यात मात्र ऐन वेळेला हमखास लाईट जाते. म्हणजे नेमकं मृग-रोहिणी मावळल्यावर!