तुकोबांना टाळकरी होते

दिवाळी झाली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळी अंकांच्या पीडीएफ येऊ लागतात. यंदा एका दुपारीच सात आल्या. सातव्या अंकाखाली आमच्याच वर्गातल्या एकीने लिहिलं, "यात माझी कथा आहे. कृपया पीडीएफ पुढे पाठवू नका. छोटा प्रकाशक आहे, जमलं तर अंक विकत घ्या."

पुढच्या अर्ध्या तासात जे उमटलं, ते मी इकडे इंग्लंडमधल्या बिलिंगहॅमला जेवणाच्या सुट्टीत वाचत बसले होते. "उलट तुझीच प्रसिद्धी होतेय की." "खरा लेखक स्वतःच्या आनंदासाठी लिहितो." आणि मग ज्याच्यावर भराभर अंगठे पडले ते वाक्य: "तुकाराम महाराजांना कोणी मानधन दिलं होतं?"

ती पुन्हा काही बोलली नाही. छप्पन्न जणांचा ग्रुप. कथा कशी होती, हे एकानेही लिहिलं नाही.

ते तुकोबांचं वाक्य महिना झाला तरी माझ्या मनातून जात नाही. मानधन नव्हतं, हे खरंच. पण तुकोबांना टाळकरी होते. चौदा होते असं परंपरा सांगते. ओळ तोंडातून निघाली की मागचे ती उचलून धरत. संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ अभंग लिहून ठेवत होते. शिऊरच्या बहिणाबाईंनी कोल्हापुरात कीर्तनातून ते अभंग ऐकले आणि ओढीने त्या देहूपर्यंत आल्या. माणूस आणखी काय करू शकतो कवीसाठी? त्याही आधी ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या तोंडाशीच श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटी ती उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नाव येतं. ऐकणाऱ्याला आणि लिहून घेणाऱ्याला इतका मान देणारी आपली भाषा आहे. तिच्यातलंच उदाहरण काढून एका लेखिकेला गप्प बसवायचं, याचा मला संताप आला.

म्हणून मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. इथलं लिहिलं, कारण मला ते माहीत आहे.

मी राहते तिथून स्टॉक्टन जवळ आहे. शनिवारी मुलाला पोहायला सोडलं की मी तिथल्या ग्रंथालयात जाते, पुस्तकं मशीनवर ठेवते, पावती घेते आणि निघते. सुरुवातीची काही वर्षं मला ठाऊकच नव्हतं की असं घरी नेलेल्या पुस्तकामागे लेखकाला काही पेन्स मिळतात. वाचकाच्या खिशातून एक पैसा जात नाही, सरकार देतं. एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त 6,600 पौंड. अनुवादकालाही वाटा असतो, मुलांच्या पुस्तकात चित्रं काढणाऱ्यालाही. जॉन ब्रॉफी नावाच्या कादंबरीकाराने 1951 मध्ये सुचवलं होतं की ग्रंथालयातून पुस्तक नेताना वाचकाने लेखकासाठी एक पेनी द्यावी. ते झालं नाही. त्यांच्या मुलीने, ब्रिजिड ब्रॉफी यांनी, मॉरीन डफी आणि इतर लेखकांना बरोबर घेऊन हा लढा पुढे नेला. कायदा झाला 1979 मध्ये आणि पहिले पैसे वाटले गेले 1984 मध्ये. डेन्मार्कने हे 1946 मध्येच सुरू केलं होतं. इथल्या योजनेचं कार्यालय कितीतरी वर्षं या आमच्या स्टॉक्टनलाच होतं. मला त्याचा अभिमान वाटतो, जणू मीच ते उभं केलं.

यावर माझ्या भाच्याने ग्रुपबाहेर मला उत्तर पाठवलं. तो पुण्यात शिकतो, हुशार आहे. "मावशी, तुमच्याकडे 2022 च्या पाहणीत लेखन हाच मुख्य व्यवसाय असलेल्या लेखकाची लेखनातून होणारी मधली वार्षिक कमाई 7,000 पौंड निघाली. 2006 मध्ये ती 12,330 होती. मग कायद्याचा काय उपयोग झाला?" आकडे बरोबर आहेत. इथेही लेखक पोट भरत नाही. इथल्या मोठ्या साहित्य महोत्सवांतही लेखकांना फुकट बोलावण्याची रीत होतीच. ऑक्सफर्डचा महोत्सव वक्त्यांना मानधन देत नाही म्हणून कादंबरीकार फिलिप पुलमन यांनी 2016 मध्ये त्याचं आश्रयदातेपद सोडलं, तेव्हा कुठे हा विषय उघडपणे बोलला गेला. पण फरक मला तिथेच दिसतो. पुलमनना कोणी तुकाराम महाराजांचं नाव सांगितलं नाही. मागणं हीच चूक आहे, असं कोणी म्हटलं नाही.

आपल्याकडे लेखकाचं कौतुक होत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या चिपळूणला जानेवारी 2013 मध्ये 86 वं साहित्य संमेलन झालं. आई तेव्हा रोज फोनवर मंडपाचं वर्णन करायची, पाहुण्यांसाठी घराघरांतून गाद्या गेल्या होत्या, आणि मी इथे काळोख्या सकाळी बसची वाट बघत ते ऐकायची. गाव लेखकांसाठी असा हलतो, याने तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आपण शाल देतो, नारळ देतो, पायाही पडतो. फक्त "तुमच्या गोष्टीतली ती सासू पुस्तक मिटल्यावरही माझ्याशी बोलत राहिली" असं सांगत नाही. त्यासाठी आधी गोष्ट वाचावी लागते. सुनीताबाई देशपांडे धारवाडला एकांतात राहणाऱ्या जी. ए. कुलकर्ण्यांना पत्रं लिहायच्या, ती वाचल्यावरची पत्रं होती. आपल्याकडे हे नव्हतं असं नाहीच. म्हणून तर आता नाही याचं इतकं लागतं.

आणि उशीर. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी 1951 च्या डिसेंबरात गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, गाणी मुलाने आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवली होती. ती आचार्य अत्र्यांच्या कानावर पडली, त्यांनी धडपड केली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. जात्यावर बसलेल्या त्या बाईला यातला एक शब्दही ऐकायला मिळाला नाही. हे आठवलं की मला जेवण गोड लागत नाही.

माझ्या लांबलचक लिहिण्याखाली शेवटी एकच उत्तर आलं. "तिकडे बसून बोलणं सोपं असतं." लिहिणारा माझा जुना मित्र आहे. लोट्याच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कंपनीत उमेदवारी केली, मग मी इकडच्या केमिकल प्लांटमध्ये आले आणि तो तिथेच राहिला. मी रागाने फोन उलटा ठेवला. माझ्या भाषेबद्दल बोलायला मला पत्ता बदलून यावं लागेल का? पंधरा वर्षं इथे राहिले तरी स्वप्नात मी मराठीतच भांडते.

पण रात्री झोप लागेना, आणि मग मला स्वतःला खरं सांगावं लागलं. त्या सातव्या अंकाची पीडीएफ मीही उघडली होती. तिने विनंती केल्यानंतर उघडली होती. दुलईत, फोनच्या उजेडात, तिची कथा मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली होती. इथे आल्यापासून मी एकही दिवाळी अंक विकत घेतलेला नाही. टपालखर्च परवडत नाही असं म्हणत आले, आणि त्याहून जास्त पैसे दर महिन्याला कॉफीवर घालवत आले. माझी सगळी मराठी मला फोनवर फुकट येते. ग्रुपवर मी ब्रॉफींबद्दल लिहिलं, पौंडांचे आकडे दिले, पण तिच्या कथेबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. शाळेत सात वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. छप्पन्नांतली गप्प राहिलेली एक मी होते.

कथा आमच्या लोटिस्मावर आहे, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरावर. ग्रंथालय 1864 चं. 2005 ला पाणी शिरलं, 2021 च्या जुलैत पुन्हा शिरलं. कथेतली म्हातारी भिजलेली पुस्तकं घरी आणते, पानं सुटी करून दोरीवर वाळत घालते, आणि शेजारीण विचारते, "पापड का गं?" तर ती म्हणते, "नाही, माणसं." मी ते वाक्य वाचून उठून बसले होते. चिपळूणच्या पावसाचा तो कुबट, ओलसर वास बिलिंगहॅमच्या खोलीत आला होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रकाशकाला तीन अंकांचे पैसे पाठवले, अंक आईकडे द्यायला सांगितले. मग तिला पत्र लिहिलं, हाताने, दोन पानं. मराठी हस्ताक्षर बिघडलंय, जोडाक्षरं अडतात. पीडीएफ वाचल्याचं आधी कबूल केलं आणि मग फक्त कथेबद्दल लिहिलं. म्हातारीबद्दल, दोरीबद्दल, त्या वाक्याबद्दल.

अठरा दिवसांनी तिचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, माझ्याकडे. "ते वाक्य मी तीनदा काढलं होतं. शेवटच्या प्रुफातही खोडायला घेतलं होतं. सांग ना, नक्की राहू दे ना? संग्रह काढायचा विचार चाललाय."

मी प्लांटवर होते, हातमोजे काढून लगेच लिहिलं: राहू दे.