'समाजकार्यच का?' याला 'आवड आहे' हे उत्तर पुरत नाही

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न मुलाखतीत येतोच. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: 'लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड आहे.' पाठोपाठ बाबा आमटे, गाडगेबाबा. उत्तर खोटं नसतं, पण त्यातून समोरच्याला काही कळत नाही. अडल्यानडल्याला उधारी देणारा किराणा दुकानदारही मदतच करतो. त्याला कुणी दोन वर्षं कॉलेजात बसवत नाही.

या कामाचा मोठा भाग कागदांचा आहे, हे आधी कुणी सांगत नाही. साधं उदाहरण घ्या, संजय गांधी निराधार योजनेतलं विधवेचं अनुदान. महिन्याला 1,500 रुपये. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत हवं, म्हणजे महिन्याला 1,750. चार घरची धुणीभांडी करणारी बाई यात कशी बसणार, हा प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांना विचारायलाच हवा. पण तोवर तिचा अर्ज भरायचा आहे. नवरा घरीच वारला, मृत्यूची नोंद झाली नाही. नोंदीची मुदत 21 दिवसांची. वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंद झाली तर आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं. तेही जुळलं, मंजुरी आली, तरी पैसे येत नाहीत, कारण खात्याला आधार जोडलेलं नाही. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. यातली एक कडी निसटली की अनुदान थांबतं आणि बाईला कारण कुणी सांगत नाही. 'पुन्हा तहसीलला जाऊन या' म्हणणारी माणसं खूप असतात. अर्ज नेमका कुठे अडलाय हे शोधून काढणारं माणूस म्हणजे समाजकार्यकर्ता.

म्हणून दयेवर हे काम फार दिवस चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दया आली की विद्यार्थी स्वतःच्या खिशातून पन्नास-शंभर देतो, मोबाइल नंबर देतो, रात्री अकराला फोन येतो आणि महिन्याभरात तो त्या वस्तीत जायचंच टाळू लागतो.

राग त्यापेक्षा बरा, पण त्याला वळण लावावं लागतं. कारखान्यात लहान पोरं राबताना दिसली म्हणून मालकाशी जागेवर भांडलात, तर दुसऱ्या दिवशी पोरं तिथे नसतात. आधी 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवणं, मग पोलीस आणि कामगार विभाग सोबत घेऊन छापा, मग प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मुलांना बालकल्याण समितीपुढे हजर करणं. ही वाट माहीत असलेला राग कामाचा.

सगळ्यात नाजूक कारण म्हणजे स्वतःचं सोसलेलं. घरात दारू पाहिलेली मुलं व्यसनमुक्तीकडे वळतात. त्यांना जे न सांगता कळतं ते इतरांना पुस्तकातून कळत नाही. पण समोरच्या बाईच्या गोष्टीत आपली आई दिसू लागली की ऐकणं थांबतं आणि सल्ले सुरू होतात. फिल्डवर्कच्या सुपरवायझरबरोबर दर आठवड्याला आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, म्हणजे दोघांचीच बैठक) असते ती याचसाठी. तिथे गप्प बसणारा विद्यार्थी स्वतःचंच नुकसान करतो.

फिल्डवर्क आठवड्यातले साधारण दोन दिवस असतं आणि त्याचं रेकॉर्डिंग, म्हणजे काय पाहिलं-केलं याची नोंद, लिहावं लागतं. तिथे मोटिव्हेशन उघडं पडतं. 'आज वस्तीला भेट दिली, महिलांचे प्रश्न जाणून घेतले' एवढंच दर आठवड्याला येत असेल, तर समजावं की मन लागलेलं नाही. ज्याला खरंच कुतूहल आहे तो लिहितो: नळाला पाणी पहाटे चारला येतं, म्हणून बचत गटाची सकाळची बैठक रिकामी राहते.

आणि हो, 'मला नोकरी हवी' हेही चांगलं कारण आहे, त्यात लाजायचं काही नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानंतर ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावे लागतात, त्यातून कामं निघाली. मात्र नेमणुकीच्या पुष्कळ ऑर्डर वर्षभराच्या असतात, मार्चमध्ये प्रोजेक्ट संपला की ऑर्डरही संपते. घरी पैसे पाठवायचे असतील तर हा हिशोब प्रवेशाआधीच घरच्यांपुढे मांडा.

फॉर्म भरायच्या आधी एक करून बघा. आपल्याच गल्लीतल्या एखाद्या आजींचा किंवा काकूंचा असा एक अर्ज पहिल्या झेरॉक्सपासून मंजुरीपर्यंत न्या. कोणत्या टेबलावर किती दिवस गेले आणि का, ते वहीत तारखेसह लिहा. मुलाखतीत तीच वही उघडा. बाबा आमटे नंतर. आणि तिसऱ्या फेरीतच वैताग आला, तर बी.एड.चे फॉर्मही साधारण त्याच सुमारास निघतात.