इथेनॉल आमचं, दर मात्र दिल्लीचा

देशात पुरेसं तेल नाही म्हणून पेट्रोल महाग, असं एका लेखात वाचलं, पण ते अर्धंच खरं. गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, १९७४ ला सापडलेलं समुद्रातलं तेलक्षेत्र मुंबई हाय आता म्हातारं झालंय, कबूल. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल मातीमोल झालं, तेव्हा पंपावर दर उतरला का? उलट मे महिन्यात केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरला ३२.९८ रुपयांवर नेलं. वर राज्याचा व्हॅट. जीएसटीत आणायचं नाव कुणी काढत नाही, सत्तेत कोणीबी असो.

देशी इंधनाचं म्हणाल तर आम्हा कोल्हापूरकरांना विचारा. पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल करा म्हणून साखर कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गळीत हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी! कारण साखर महागली असती, आणि लोकसभा तोंडावर होती (हे आपलं माझं मत). आठवड्याभरात मर्यादा घालून थोडी सूट दिली खरी, पण अशा धरसोडीत शेतकऱ्यानं उसाची लागण कशाच्या भरवशावर करायची?

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे ॲव्हरेज थोडं घटणारच. मग लिटरचा दर तरी उतरवा की राव!